ताग्यातला पैसा आणि बेतलेला पैसा

पत्र:

ताई, नमस्कार. मी ५२ वर्षांचा. सोलापुरात आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. १४ मशिनी, ११ कामगार, त्यात सात बायका. २०१३ पासून म्युच्युअल फंडात दर महिन्याची एसआयपी भरत होतो, जानेवारी २०२० मध्ये त्याचे नऊ लाख झाले होते. मार्चमध्ये सगळं बंद झालं. जूनचा माल शिवून तयार होता, शाळांचे मोनोग्राम लागलेले २,८०० शर्ट गोडाऊनला पडून, आणि शाळा काही उघडेनात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळी युनिट्स विकली, सहा लाख आले. पुढे सात महिन्यांत बाजार होता तिथे परत गेला. ती टोचणी अजून जात नाही.

आता होटगी रोडकडचा प्लॉट विकला, ४२ लाख आलेत. मुलगा २४ वर्षांचा आहे, तो म्हणतो सगळे स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या, फंडात टाकू. मोबाईलवर तो ऑप्शनही करतो, म्हणजे शेअरच्या भावांवर पैजेसारखे सौदे. मंडळी म्हणते सोनं घ्या. मला दोन्हीची भीती वाटते. कधी नव्या विषाणूची बातमी, कधी अमेरिकेचं शुल्क, कधी जीएसटीचे दर, रोज काहीतरी नवीन. सगळं स्थिर होईपर्यंत पैसे सेव्हिंग खात्यात पडू द्यावेत असं वाटतं. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला तीन वर्षांत आठ लाख लागतील. घरखर्च महिना पन्नास हजार. बँकेची वीस लाखांची सी.सी. (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) आहे. काय करू?
– एक गणवेशवाला, सोलापूर

दादा,

पत्र वाचताना मी त्या २,८०० शर्टांपाशी थांबले. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गोडाऊनमध्येच आहे.

कापडाचा तागा मांडणीवर पडलेला असतो तोवर त्याचं काहीही होऊ शकतं. एका शाळेने ऑर्डर फिरवली तर त्याच निळ्या कापडाची दुसऱ्या शाळेची पँट होते. अगदीच अडलं तर तागा तसाच्या तसा चाटी गल्लीच्या कापड बाजारात चार पैसे तोट्यात देऊन टाकता येतो. पण एकदा कापड बेतलं, खडूच्या खुणेवरून कात्री फिरली, खिशावर शाळेचं नाव भरलं, की तो शर्ट त्या एका शाळेचा झाला. तुम्ही ती पाळी भोगलेली आहे. लागोपाठ दोन वर्षं जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत, आणि उघडल्या तेव्हा मुलं दोन मापांनी मोठी झाली होती.

मार्च २०२० मध्ये तुमच्याकडे तागा, म्हणजे मोकळा पैसा, शिल्लकच नव्हता. धंद्यातला पैसा कापडात आणि शिलाईत बेतलेला, हंगामापुरती सी.सी. पूर्ण उचललेली, आणि एसआयपीतले नऊ लाख दहा-पंधरा वर्षांसाठी बेतलेले. कामगारांचा पगार मात्र आठवड्याला द्यायचा. मग तुम्ही पंधरा वर्षांचं कापड उसवलं आणि आठवड्याचा पगार भागवला. त्याला मी चूक म्हणणार नाही. त्या सहा लाखांवर ११ घरांच्या चुली चालल्या. चुकलं ते आधीच्या सात वर्षांत, जेव्हा दर महिन्याला एसआयपी गेली पण बाजूला तागा कोणी ठेवला नाही. हे मी मुद्दाम खोलात जाऊन सांगते आहे. कारण तुम्हाला वाटतंय की तुमचा बाजाराचा अंदाज चुकला, आणि म्हणून या वेळी तुम्ही अंदाज बरोबर यायची वाट बघत बसला आहात.

तेव्हा नक्की काय घडलं ते एकदा तारखांसकट बघू. सोमवार, २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. जानेवारीत तो ४२,००० च्या आसपास होता. त्याच दिवशी आपला बाजार बंद झाल्यावर, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जाहीर केलं की लागतील तितके रोखे आम्ही विकत घेऊ. दुसऱ्या दिवशी रात्री आठला पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी सांगितली. २७ तारखेला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला आणि कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवड दिली, जी पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. मे महिन्यात रेपो दर ४ टक्के झाला. म्हणजे बंद भावाचा तळ लागला तो टाळेबंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी! रुग्णांची खरी संख्या वाढायची होती, कारखान्यांना कुलपं लागायची होती. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरलं, हे ३१ ऑगस्टला कळलं. तोवर बाजार बराच वर चढून आला होता. नोव्हेंबरात त्याने जानेवारीची पातळी ओलांडली आणि २१ जानेवारी २०२१ ला ५०,००० ला हात लावला.

‘सगळं स्थिर होईपर्यंत थांबतो’ असं तुम्ही लिहिलंय. २०२० मध्ये कोणी तसं थांबलं असतं, तर गावातली दुकानं नीट उघडेपर्यंत शेअरचे भाव केव्हाच वर गेलेले होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. २३ मार्चच्या त्या संध्याकाळी हाच तळ आहे हे मुंबईतल्या बड्या फंडवाल्यांनाही माहीत नव्हतं. बाजारातली धास्ती मोजणारा इंडिया व्हिक्स त्या आठवड्यात ८० च्या वर गेला होता. तेव्हा ‘मी ओळखायला हवं होतं’ हा विचार मनातून काढून टाका.

धंदे बंद असताना भाव वर का गेले, हे समजलं तर धोरणांच्या बातम्या वाचायची तुमची नजर बदलेल. समजा नव्या पेठेत एक गाळा आहे, त्याचं वर्षाचं भाडं १ लाख २० हजार. बँक ठेवीवर ८ टक्के देत असेल तर तेवढं व्याज मिळवायला १५ लाख ठेवावे लागतील. म्हणून गाळ्याचीही किंमत लोक १५ लाखांच्या आसपास धरतील. उद्या बँकेने व्याज ६ टक्क्यांवर आणलं, तर तेच १ लाख २० हजार मिळवायला २० लाख लागतील. भाडेकरू तोच, भाडं तेच, आणि गाळा पाच लाखांनी महागला. शेअरचंही असंच होतं. रिझर्व्ह बँकेने दर खाली आणले तेव्हा पुढच्या कैक वर्षांच्या नफ्याची आजची किंमत वाढली, आणि एका वर्षाचा नफा बुडाल्याचं दुःख त्यात झाकलं गेलं. मे २०२२ मध्ये हेच चाक उलटं फिरायला लागलं. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ६.५० वर गेला, दोन वर्षं तिथेच राहिला आणि फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा उतरू लागला. तुमच्या सी.सी.चं व्याज, मुलीसाठी कराल ती एफडी आणि मुलाला हवा तो स्मॉलकॅप फंड ही तिन्ही या एकाच दोरीला बांधलेली आहेत.

साथीच्या भीतीबद्दल एक गोष्ट सांगते. १९१८ च्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. अमेरिकेतही लाखो दगावले. तरी त्या वेळी अमेरिकेच्या शेअर बाजाराला २०२० सारखा हादरा बसलेला दिसत नाही. स्कॉट बेकर, निकोलस ब्लूम, स्टीव्हन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून हे तपासलं. त्यांच्या मते मुख्य फरक सरकारी निर्बंधांचा, आणि माणसांनी एकमेकांजवळ येण्यावर चालणाऱ्या आजच्या अर्थव्यवस्थेचा. तुमच्या धंद्याला हे तंतोतंत लागू आहे. तुमच्या कारखान्यात कोणी आजारी नसतानाही शर्ट पडून राहिले, कारण शाळा बंद ठेवायचा निर्णय झाला. तो निर्णय मुलांच्या जिवासाठी होता, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण साथ आली की तिच्या मागोमाग धोरणाची अनिश्चितता येते, आणि धंदेवाल्याला जास्त फटका या दुसरीचा बसतो, हे हिशोबात धरायला हवं.

याच बेकर, ब्लूम, डेव्हिस यांनी धोरणाची अनिश्चितता मोजायचा एक निर्देशांक तयार केलेला आहे. अर्थव्यवस्था, धोरण आणि अनिश्चितता हे तिन्ही विषय एकत्र आलेल्या बातम्या वर्तमानपत्रांत किती, ते मोजायचं. भारताचाही असा निर्देशांक निघतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अनिश्चितता वाढली की माणसं थांबतात. कारखानदार नवी मशीन घेत नाही, मालक नवा माणूस ठेवत नाही, गिऱ्हाईक ‘बघू’ म्हणतं. तुम्हाला हे सांगायला कोणी अमेरिकेचा प्राध्यापक नको. ‘एक राज्य एक गणवेश’ आलं तेव्हा तुमच्या धंद्यातले कितीतरी जण वर्षभर हातावर हात ठेवून बसले होते. सरकारी शाळांचं कापड राज्यातून एकत्र घ्यायचं ठरलं, शिलाई बचत गटांकडे गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला, खरेदी परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. ज्यांनी त्या हिशोबाने कापड भरलं ते अडकले, ज्यांनी भरलं नाही त्यांची ऑर्डर गेली. या दोन्ही गटांत अडाणी कोणी नव्हतं.

धोरण एका रात्रीत फिरतं याचे आणखी दोन दाखले तुमच्या-माझ्या रोजच्या व्यवहारातले. ३१ मार्च २०२१ ला अल्पबचतीचे व्याजदर कापल्याचं पत्रक निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी ते नजरचुकीने निघाल्याचं सांगून मागे घेतलं. पोस्टात पैसे असलेल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी ती रात्र जागून काढली असेल. आणि त्याच वर्षी कापडावरचा व हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ५ चा १२ टक्के व्हायचा होता. ३१ डिसेंबरला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने तो पुढे ढकलला. नवीन दराने बिलं छापून ठेवलेले व्यापारी मला माहीत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये दर पुन्हा बदलले, २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के आणि वरच्याला १८. गणवेश बहुतेक खालच्या रांगेत बसतात, तेवढं तुमच्या पथ्यावर पडलं. टॉवेलवाल्यांचं मात्र वेगळंच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत निर्यातीचा टॉवेल विणणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. तुमचा त्यांच्याशी थेट संबंध नाही, पण कारागीर त्याच वस्तीतले, सूत त्याच बाजारातलं.

मग सेव्हिंग खातं तरी या सगळ्यापासून लांब आहे का? नाही. १ एप्रिल २०२० ला पीपीएफचा दर ७.९ वरून ७.१ झाला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिला. ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेचा दर त्याच दिवशी ८.६ वरून ७.४ वर आला. आणि २०२०-२१ या वर्षात महागाई सरासरी ६.२ टक्के होती. सेव्हिंगला ३ टक्के घेणाऱ्या माणसाचे पैसे त्या वर्षी कोणी चोरले नाहीत, पण तेलाचा डबा आणि डाळ आणताना ते कमी पडू लागले. ४२ लाख सेव्हिंग खात्यात ठेवून थांबलात, तर तोही एक निर्णयच झाला, आणि त्याची किंमत दर महिन्याला मोजावी लागते.

सुरक्षित म्हणून ठेवलेला पैसा कसा अडकतो हे मी घरात पाहिलंय. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली, थोडेफार पैसे हाती आले, ते त्यांनी ओळखीच्या पतसंस्थेत ठेवले. व्याज बँकेपेक्षा तीन-चार टक्के जास्त होतं, आणि चेअरमन रस्त्यात भेटले की ‘काय मास्तर’ म्हणून हाक मारत. एका सोमवारी शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आईने ते पासबुक बरीच वर्षं देवघराच्या खणात ठेवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, शेवटची नोंद निळ्या शाईतली. थोडे पैसे खूप उशिरा मिळाले, बाकीचे गेले. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला तो नाही. तुमच्याकडे ४२ लाख आल्याचं कळल्यावर दारात पहिला येईल तो पतसंस्थेचा माणूस. चहा पाजा आणि परत पाठवा.

आता तुमच्या पैशाकडे येते. पहिले पाच लाख कराचे, ते तुमचे नाहीतच असं समजा. प्लॉट २३ जुलै २०२४ च्या आधीचा असणार, म्हणजे १२.५ टक्के सरळ किंवा महागाईची सूट घेऊन २० टक्के, यांतला जो कमी पडेल तो कर. सी.ए.कडून दोन्ही आकडे काढून घ्या, आणि आगाऊ कराची तारीख चुकवू नका. कर वाचवणारे ५४ ईसी रोखे सहा महिन्यांच्या आत घेता येतात, पण त्यांत पैसे पाच वर्षं अडकतात. तुमच्या प्रकरणात त्यापेक्षा कर भरून मोकळं व्हावं असं माझं मत आहे, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त गरज मोकळ्या पैशाची आहे.

राहिले ३७. त्यातले १५ लाख हा तुमचा तागा. सगळीकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सांगतात. पगारदार माणसाला ते ठीक. तुमचं वर्ष सहा महिन्यांत मोजता येत नाही, ते जूनमध्ये मोजतात. एक जून गेला की पुढचा जून येईपर्यंत काही नाही. तेव्हा तुमचा तागा एक पूर्ण बुडालेला हंगाम पेलेल इतका हवा. घरखर्चाचे वर्षाचे सहा लाख झाले. कामगारांच्या उचली, लाईट बिल, सी.सी.चं व्याज यांसाठी नऊ.

सहा लाख दोन वेगवेगळ्या बँकांत एफडी करा, पण एक मोठी पावती करू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या १२ पावत्या करा, म्हणजे अडचणीत एक मोडली तरी बाकीच्या शाबूत राहतात. नऊ लाखांचं थोडं वेगळं आहे. जानेवारीत कापड खरेदी सुरू झाली की तुमची सी.सी. भरत जाते आणि जुलै-ऑगस्टपर्यंत रिकामी होत नाही. त्या काळात हे नऊ लाख सी.सी. खात्यातच जमा ठेवा. साडेदहा टक्के व्याज धरलं तर सहा महिन्यांत सत्तेचाळीस हजार वाचतात, आणि इतक्या खात्रीने इतकं देणारा फंड मला माहीत नाही. हंगाम संपला की मात्र ते तिथून काढून लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांचा, चटकन मोडता येणारा फंड) किंवा छोट्या एफडीत टाका. सी.सी. दरवर्षी नव्याने मंजूर होते, आणि वाईट वर्षात बँक मर्यादा कमी करू शकते. नेमकं तेव्हाच तुम्हाला पैसे हवे असतील. २०२० ची हप्त्यांची सवड आठवा. हप्ता पुढे गेला, व्याज चालूच राहिलं.

मुलीचे आठ लाख तीन वर्षांच्या एफडीत, तिच्या प्रवेशाच्या महिन्याच्या आधी मुदत संपेल असे. त्याबद्दल जास्त बोलायला नको. त्यातला एक रुपयाही शेअर बाजारात जाता कामा नये, मुलगा काहीही म्हणो.

उरलेले १४ लाख खऱ्या अर्थाने लांबचे. ते बाजारात जाऊ द्या, पण एकदम नको. लिक्विड फंडात ठेवून तिथून दर महिन्याला ऐंशी हजार, म्हणजे सतरा-अठरा महिने, निफ्टीतल्या मोठ्या कंपन्यांचा साधा इंडेक्स फंड आणि लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा एखादा फ्लेक्सीकॅप अशा दोन ठिकाणी वळते करा. प्रामाणिकपणे सांगते, चढत्या बाजारात एकरकमी टाकणाऱ्याला बहुतेक वेळा जास्त मिळतं. तरी तुम्हाला मी हप्त्याने सांगते, कारण तुम्ही एप्रिल २०२० मधून गेलेला माणूस आहात. एकदम टाकले आणि दुसऱ्याच महिन्यात बाजार १५ टक्के पडला तर तुम्ही झोपणार नाही, आणि तिसऱ्या महिन्यात काढून घ्याल. हप्त्याने गेलं तर पडलेला बाजार पाहूनही तुमचा हात चालत राहील. सात वर्षांच्या आत याची गरज लागणार नाही असं धरूनच हे पैसे बेतायचे.

मुलाशी भांडू नका. त्याचं एक म्हणणं बरोबर आहे. लांब मुदतीला शेअर हवेतच, आणि स्मॉलकॅपने २०२० नंतर भरपूर दिलंय. पण त्याला जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळातला स्मॉलकॅप निर्देशांकाचा आलेख उघडून दाखवा. त्या सव्वादोन वर्षांत तो निम्म्याहून खाली आला होता, आणि त्यातली बरीचशी घसरण कोरोनाच्या आधीच झाली होती. शिवाय तुमचा कारखाना हाच तुमच्या घरातला सगळ्यात मोठा स्मॉलकॅप आहे. १४ मशिनी, एकच माल, एकच हंगाम. मंदी आली की छोट्या कंपन्यांचे शेअर पडतात त्याच महिन्यात तुमच्या शाळांची बिलं थकतात. एकाच ढगाखाली दोन्ही छत्र्या कशाला उघडायच्या? १४ लाखांतले दोन लाख त्याच्या आवडीच्या स्मॉलकॅप फंडात जाऊ द्या, तेही हप्त्याने. कापड आणि वस्त्रोद्योगाचा एकही शेअर मात्र घरात नको.

ऑप्शनबद्दल मी इतकी मऊ बोलणार नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. त्याला ओरडण्याऐवजी त्याच्या खात्याचं वर्षाचं नफातोटा पत्रक काढायला सांगा, दलाली आणि कर वजा करून. तो आकडा त्याने स्वतःच्या तोंडाने तुम्हाला वाचून दाखवायचा. बहुतेक घरांत तिथेच विषय संपतो. तुमच्या घरात संपला नाही, तर या ४२ लाखांच्या कोणत्याही खात्यावर त्याची सही चालणार नाही एवढं बघा. पोर हुशार आहे हे पत्रावरून दिसतंय, म्हणूनच जपायला सांगते.

वहिनींचं सोनं. त्यांचं म्हणणं धुडकावू नका, २०२५ मध्ये तोळा लाखाच्या वर गेला तेव्हा त्यांचंच खरं ठरलं. पण सोनंही धोरणातून सुटत नाही. २३ जुलै २०२४ ला आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि एका दिवसात भाव हजारोंनी खाली आले. सरकारी सुवर्णरोखे व्याजासकट मिळायचे, तेही फेब्रुवारी २०२४ नंतर नव्याने आलेले नाहीत. त्यांना एवढ्यावर घ्यायचंच असेल तर १४ लाखांतून लाख-दीड लाखाचं गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं घेता-विकता येणारं कागदावरचं सोनं, घ्या. आणि अंगावर घालायचं सोनं हौसेचं म्हणून, धंद्याच्या नफ्यातून घ्या. घडणावळ गेल्यावर ते गुंतवणुकीच्या हिशोबात बसत नाही.

राहिला विषाणू. पुढच्या वेळी तशी बातमी आली की फंडाचं ॲप उघडू नका, तागा मोजा. पावत्या १२ आहेत का, नऊ लाख हाताशी आहेत का, शाळांकडे किती बाकी आहे, आणि कापड किती बेतायचं राहिलंय. त्या आठवड्यात तुम्हाला करता येण्यासारखी एकच गोष्ट असेल, ती म्हणजे कात्री थोडी उशिरा चालवणं. आगाऊ रक्कम आल्याशिवाय मोनोग्राम भरू नका. साध्या पांढऱ्या शर्टाला दहा गिऱ्हाइकं असतात.

या महिन्यात कराचे पैसे वेगळे काढा आणि दोन बँकांत पावत्या करून टाका. १४ लाखांचं ठरवायची घाई नाही, ते तोवर लिक्विड फंडात राहू देत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेनंतर तुमची कापड खरेदी सुरू होईल, त्याआधी सी.सी.चा गेल्या वर्षीचा उतारा आणि शाळांच्या थकबाकीची यादी घेऊन मला पुन्हा लिहा. हंगामात तुमची सी.सी. कुठल्या महिन्यात किती वर जाते ते दिसलं, की नऊ लाखांचे साडेनऊ करायचे की आठ, ते नेमकं सांगता येईल. आणि त्या यादीत २०२० पासून न आलेली बिलं असतील तर तीही लिहा, वेगळ्या कागदावर.

तुमची,
ताई